राखून ठेवलेला उजेड

हातात दिवा घेऊन उभी असलेली एक स्त्री. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीपुढे आडोसा, चेहऱ्यावर उजेड आणि मागे दाट होत गेलेला काळोख. हे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. कुणाच्या आजोळच्या माजघरात ते काचेच्या चौकटीत होते, कुणाच्या घरी जुन्या कॅलेंडरवर होते, आणि आता दर दिवाळीला ते मोबाइलवरच्या शुभेच्छांत फिरत असते. पुष्कळदा त्याखाली नाव असते राजा रविवर्मा यांचे.

ते चित्र रविवर्मा यांचे नाही. ते सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास काढले. रविवर्मा १९०६ सालीच निवर्तले होते, म्हणजे चित्र होण्याच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी. शिवाय रविवर्मा यांची कीर्ती तैलरंगांची, आणि हे चित्र जलरंगात आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. त्याचे प्रसिद्ध इंग्रजी नाव 'ग्लो ऑफ होप', म्हणजे आशेचा उजेड.

यंदाच्या स्मरणिकेत या चित्राबद्दल लिहावे असे आम्हाला वाटले, त्याला एक निमित्त आहे. अलीकडे मंडळाच्या चित्रकला स्पर्धेत कागदाबरोबर टॅबलेटवर काढलेली चित्रेही येऊ लागली आहेत. मुलांना 'आशा' असा विषय दिला, की हमखास दिवा, उगवता सूर्य किंवा खिडकीतून येणारा किरण येतो. कल्पना जुनीच आहे, साधन नवे आहे. मग प्रश्न पडतो, की दिवा काढला म्हणजे आशा काढली का? आणि चित्रात उजेड येतो तो नेमका कुठून? या प्रश्नाला आपल्या चित्रकलेच्या इतिहासात निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत. हळदणकरांचे उत्तर त्यांतले सर्वात शिकण्यासारखे आहे, असे आमचे मत आहे.

आधी जुन्या काळाकडे पाहू. राजस्थानी आणि मुघल लघुचित्रांत रात्रीचे प्रसंग पुष्कळ आहेत. आकाश गडद निळे किंवा काळे, त्यात चांदण्या, सेवकांच्या हातात मशाली. पण बहुतेक चित्रांत माणसे मात्र भर दुपारी दिसावीत तशी स्वच्छ दिसतात. कुणाची सावली पडत नाही. मशाल ही 'रात्र आहे' हे सांगणारी खूण असते, तिचा उजेड कुणाच्या अंगावर पडत नाही. यात चित्रकाराचे अज्ञान नव्हते. प्रसंगातले प्रत्येक पात्र, प्रत्येक दागिना नीट दिसावा हा त्याचा हेतू होता आणि सावली त्याच्या कामाची नव्हती.

दुसरी रीत आपल्याच माणसांच्या आश्रयाने बहरली. तंजावरच्या मराठा राजांच्या काळात, विशेषतः सरफोजी महाराज दुसरे यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, देवदेवतांच्या चित्रांवर सोन्याचा वर्ख लावण्याची कला भरभराटीला आली. हे चित्र दिवसाच्या उजेडात पाहिले तर नुसते झगमगीत वाटते. पण अंधाऱ्या देवघरात समोर समई लावली, की वर्खावर ज्योतीचा उजेड पडून चित्र जिवंत होते. इथे चित्रकाराने उजेड रंगवलेला नसतो, समईकडून उसना घेतलेला असतो. समई विझली की तो उजेडही जातो.

तिसरी रीत युरोपातून आली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत कारावाज्जो याने चित्राचा बराचसा भाग काळोखात ठेवून एका बाजूने प्रकाशाचा झोत टाकायला सुरुवात केली. पुढे हॉलंडमधल्या रेम्ब्रांने त्याच मार्गाने माणसांचे चेहरे रंगवले. फ्रान्समधल्या जॉर्ज द ला तूर याने तर एकाच मेणबत्तीच्या उजेडात बसलेली माणसे काढण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवला. मेणबत्तीसमोर धरलेला हात आणि बोटांतून झिरपणारा उजेड हा विषय त्यालाही आवडता होता. या मंडळींचे साधन तैलरंग. तैलरंगात आधी गडद थर देता येतो, आणि त्यावर नंतर पांढरा, पिवळा जाड रंग चढवून उजेड आणता येतो. उजेड सर्वात शेवटी येतो, काळोखावर चढून बसतो. चुकले तर खरवडून पुन्हा चढवता येतो.

मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या कलाशाळेतून, म्हणजे पुढच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून, ही छायाप्रकाशाची विद्या आपल्याकडे शिकवली जाऊ लागली. गोव्यातल्या सांगे इथे जन्मलेले आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद या शाळेत शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. त्यांच्या व्यक्तिचित्रांतला छायाप्रकाश इतका नावाजला गेला, की त्यांना 'पूर्वेचे रेम्ब्रां' म्हणत. त्यांची चित्रे आज पणजीत पाहायला मिळतात. महादेव विश्वनाथ धुरंधर हे याच शाळेतले दुसरे मोठे नाव. या वातावरणात, १९०३ च्या सुमारास, सावंतवाडीहून एक तरुण मुंबईला शिकायला आला. सावंतवाडी संस्थानच्या राजेसाहेबांनी त्याचे कसब पाहून त्याला पाठवले होते. हाच सावळाराम हळदणकर. जन्म १८८२ चा. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली, आणि १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९६८ साली त्यांचे निधन झाले.

हळदणकर तैलरंगातही काम करीत. पण दिव्याच्या चित्रासाठी त्यांनी जलरंग निवडला, आणि इथेच या चित्राची खरी गोष्ट आहे.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. चित्रात जिथे पांढरे किंवा उजळ दिसायला हवे, तिथे कागद तसाच ठेवावा लागतो. उजेड म्हणजे न रंगवलेला किंवा अगदी पातळ रंगवलेला कागद. काम फिक्याकडून गडदाकडे जाते. पहिला पातळ हात, तो वाळला की दुसरा, मग तिसरा, असा काळोख हळूहळू चढवत न्यायचा. एकदा गडद रंग कागदात मुरला, की तो पुसून मूळचा तजेला परत मिळत नाही. ओल्या स्पंजाने थोडाफार रंग उचलता येतो, पण कागद मलूल होतो.

म्हणजे तैलरंगात जो निर्णय शेवटी घेता येतो, तो जलरंगात आधी घ्यावा लागतो. ब्रश पाण्यात बुडवण्यापूर्वीच चित्रकाराला ठरवावे लागते, की उजेड इथे असणार. गालाचा हा उंचवटा, बोटांच्या या कडा, पदराची ही किनार. मग तेवढी जागा सांभाळत त्याने चहूबाजूंनी काळोख भरायचा. उजेड बाहेरून आणून ठेवायचा नसतो, असलेला राखायचा असतो.

या चित्राच्या जन्माची जी हकीकत सांगितली जाते, ती साधी आहे. दिवाळीच्या दिवसांत हळदणकरांनी आपली कन्या गीता हिला हातात दिवा घेऊन येताना पाहिले आणि तिला तसेच उभे राहायला सांगितले. पुढे लग्नानंतर गीताबाई कोल्हापुरात राहत. शंभरी ओलांडल्यावर २०१८ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की ती दिव्याची स्त्री कुणी पुराणातली नायिका नव्हती, आपल्यातलीच एक लेक होती.

चित्राकडे पुन्हा नीट पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. ज्योतीपुढे तळहाताचा आडोसा आहे. त्यामुळे आपली नजर ज्योतीवर खिळत नाही. ती जाते त्या उजेडाने काय काय उजळले आहे तिकडे. बोटांमधून लालसर झाक आली आहे, कारण ज्योतीसमोर हात धरला की उजेड कातडीतून आणि रक्तातून झिरपतो. आपणही निरांजनासमोर हात धरून हे पाहिलेले असते. चेहऱ्यावर पिवळसर ऊब आहे. उजेड जसा दूर जातो तसा मंद होतो आणि मागच्या काळोखात विरतो. म्हैसूरला हे चित्र अंधारलेल्या जागी ठेवलेले आहे, आणि कागदामागे खरोखर दिवा लावला आहे की काय, अशी शंका पाहणाऱ्यांना येते. पण तिथे कागद आणि पातळ रंग यांखेरीज काही नाही. कागद एवढा उजळ दिसतो, तो त्याच्या भोवती चित्रकाराने एवढा काळोख भरला म्हणून.

ज्या काळात हे चित्र झाले, तो काळ आठवून पाहावा. १९४३ चा बंगालचा दुष्काळ होऊन गेला होता. दुसरे महायुद्ध ऑगस्ट १९४५ मध्ये संपले. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या बंदरात नौसैनिकांचा उठाव झाला आणि शहरात गोळीबार झाले. स्वातंत्र्य जवळ आले होते, पण ते कसे येणार हे कुणाला ठाऊक नव्हते. चित्रात यातले काहीच नाही, आणि चित्रकाराच्या मनात ते होते असे आम्ही म्हणणार नाही. घरातला सण आणि मुलीच्या हातातला दिवा, एवढेच त्याचे कूळ. पण आशेचे म्हणून जे चित्र लोकांनी पाऊणशे वर्षे मनात धरले, त्यात सूर्य नाही, रोषणाई नाही. एक छोटी ज्योत आहे, तिला वारा लागू नये म्हणून धरलेला हात आहे, आणि काळोख पुरेपूर आहे. आशा दाखवायची म्हणून हळदणकरांनी काळोख कमी केला नाही.

आता टॅबलेटकडे येऊ. पडद्यावर चित्र काढण्याची सुरुवात साधारण साठ वर्षांपूर्वीची. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने 'स्केचपॅड' नावाची योजना तयार केली. संगणकाच्या पडद्यावर एका लेखणीने रेघा काढता येत, आणि त्या लेखणीला पडद्याचा प्रकाश कळत असे. तिचे नावच 'लाइट पेन' होते. म्हणजे संगणकावरच्या पहिल्या महत्त्वाच्या चित्रसाधनातली लेखणीसुद्धा प्रकाशावर चालणारी होती.

पडद्यात उजेड आतूनच येतो. समईकडून उसना घ्यावा लागत नाही, रंगाने चढवावा लागत नाही, कागद राखून मिळवावा लागत नाही. पडद्याच्या प्रत्येक बारीक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश असतात. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येकाचे मोजमाप ० ते २५५ असे करतात. तिन्ही ० असले की काळे, तिन्ही २५५ असले की पांढरे. या तिघांच्या मिश्रणातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा होतात. कागदावर सगळे रंग मिसळले की चिखल होतो, पडद्यावर सगळे मिसळले की लख्ख पांढरे होते.

एवढा उजेड हाताशी असताना आशेचे चित्र काढणे सोपे व्हायला हवे होते. पण मुलांच्या चित्रांत नेहमी दिसणारी अडचण अशी, की दिवा काढला आहे, त्याभोवती तयार ब्रशने तेजोवलय काढले आहे, तरीही दिवा उजळ वाटत नाही. याचे कारण त्या आकड्यांतच आहे. २५५ च्या वर पडदा जाऊ शकत नाही. ज्योत २५५ ची आणि मागची भिंत २०० ची असेल, तर दोघींत फरक फक्त ५५ चा. तीच भिंत ३० वर आणली, तर फरक २२५ चा होतो. ज्योत तीच, तिला आपण हातही लावलेला नाही, पण आता ती पेटलेली दिसते. हळदणकरांची मर्यादाही नेमकी हीच होती. कागदाच्या पांढरेपणाहून अधिक उजेड त्यांच्याजवळ नव्हता. उजेड वाढवता येत नाही, तेव्हा काळोख खरा करावा लागतो. साधन कोणतेही असो, हा हिशेब चुकत नाही.

टॅबलेटवर काम करणाऱ्यांसाठी याचा अर्थ अगदी व्यवहाराचा आहे. पांढऱ्या कोऱ्या पानावर दिवा काढून मग त्याला चमक देण्यापेक्षा, आधी सगळे पान गडद निळ्या किंवा तपकिरी रंगाने भरावे. मग वेगळ्या लेअरवर उजेड कुठवर पोचतो ते ठरवावे. चित्रकलेच्या बहुतेक ॲपमध्ये लेअर एकमेकांत मिसळण्याच्या रीती असतात. त्यांतली 'मल्टिप्लाय' खालचा रंग गडद करते, ती जलरंगाच्या पातळ हातांसारखी वागते. 'स्क्रीन' खालचा रंग उजळ करते, ती प्रकाशात प्रकाश मिसळल्यासारखी वागते. ज्याला हळदणकरांच्या वाटेने जायचे आहे, त्याने उजळ पान घेऊन मल्टिप्लायने काळोख चढवत जावे आणि ज्योतीच्या जागेला शेवटपर्यंत हात लावू नये. आणखी एक गंमत करून पाहावी. तेवढ्या एका चित्रापुरते 'अनडू'चे बटण वापरायचे नाही असे ठरवावे. उजेड कुठे हवा हे आधी ठरवणे म्हणजे काय, ते अर्ध्या तासात कळते.

पडद्यावरच्या चित्रातून मोठी आशा व्यक्त होऊ शकते, याचे उदाहरणही आपल्या काळातले आहे. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी सत्तरीत असताना, २००९ साली, फोनवर बोटाने चित्रे काढायला सुरुवात केली. अंथरुणात पडल्यापडल्या ते खिडकीतली पहाट काढीत. कागदावर काढायचे तर आधी दिवा लावावा लागला असता, आणि दिवा लावला की बाहेरची पहाट दिसेनाशी झाली असती. फोनचा पडदा स्वतःच उजळ, त्यामुळे अंधारात बसून उजाडताना पाहता आले. पुढे मार्च २०२० मध्ये, करोनाने सगळे जग घरात कोंडलेले असताना, त्यांनी फ्रान्समधल्या नॉर्मंडीतून डॅफोडिल फुलांचे आयपॅडवर काढलेले एक चित्र सर्वांसाठी खुले केले. वसंत ऋतू कोणी रद्द करू शकत नाही हे लक्षात असू द्या, अशा अर्थाचे नाव त्याला होते. त्या वसंतात त्यांनी शंभरावर चित्रे काढली. साधन नवे होते, पण अंधारात बसून उजेडाची वाट पाहणे जुनेच होते.

आम्हा बडोदेकरांना हे सगळे जवळचे वाटावे, अशी आपली परंपरा आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी रविवर्मा यांच्याकडून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणातल्या विषयांवर चौदा चित्रे करून घेतली. १८९० साली महाराजांच्याच राज्यात कलाभवन सुरू झाले, आणि तिथे शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी पुढे १९१३ साली उजेड आणि काळोख यांनाच पडद्यावर हलते केले. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे १९५० पासून १९६६ पर्यंत इथल्या विद्यापीठात चित्रकला शिकवीत होते. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी माणसाने चित्रकलेला काय दिले, हे सांगायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

रविवर्मा यांचे नाव दुसऱ्याच्या चित्राखाली का गेले, हेही इथूनच समजते. १८९४ साली त्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतींची रंगीत छापील चित्रे घरोघरी पोचली. तेव्हापासून भिंतीवरचे सुंदर चित्र म्हणजे रविवर्मा, असे समीकरणच होऊन बसले. तो त्यांच्या लोकप्रियतेचा मान आहे. पण त्या मानाची किंमत हळदणकरांनी का द्यावी? रविवर्मा यांचे मोठेपण चौदा चित्रांनी आणि हजारो छाप्यांनी सिद्ध झालेले आहे, त्यांना पंधराव्या चित्राची गरज नाही. हळदणकरांच्या नावाची ओळख मात्र बहुतांशी या एका चित्रावर उभी आहे. चित्र सगळ्यांच्या ओळखीचे आणि चित्रकार अनोळखी, अशी स्थिती आपल्याच समाजात राहू नये.

म्हणून दोन विनंत्या. ज्यांच्या घरी हे चित्र आहे, त्यांनी ते चौकटीतून काढून मागच्या बाजूला स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावे: सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडी. पुढच्या पिढीतले कुणीतरी चौकट बदलायला काढील, तेव्हा त्याला ते वाचायला मिळेल. मोबाइलवर ते चित्र चुकीच्या नावाने आले, तर दिवाळीच्या शुभेच्छा परत देताना खरे नावही द्यावे.

आणि दुसरी विनंती, घरातल्या मुलांसाठी. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी मांडवातली आरास, एलईडीच्या माळा, सगळे दहा मिनिटे बंद करून फक्त निरांजनावर आरती करावी. मुलांना आधी सांगून ठेवावे, की बाप्पाच्या चेहऱ्यावर उजेड कुठे पडतो, सोंडेची सावली कुठे जाते, ताम्हन धरलेल्या हाताची बोटे कशी लालसर होतात, ते नीट बघा. मग घरी जाऊन कागदावर काढा, नाहीतर टॅबलेटवर काढा. आधी काळोख भरायचा, आणि ज्योतीची जागा राखून ठेवायची, एवढे मात्र विसरू नका.